राउळांचे वेड आणि भक्तांचा वेध

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातील एका लहानशा गावी श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्राचे पठण व निरूपण करण्यासाठी गेलो होतो. श्रोत्यांत नेहमीच्या वासनिक मंडळींखेरीज तालुक्याहून आलेले काही सुशिक्षित पाहुणेही त्या दिवशी बसले होते. क्रमाने जी लीळा यावयाची होती, तीत श्रीप्रभूंचे वागणे लौकिक दृष्टीने फारच चमत्कारिक होते. पाहुणे हसतील, पंथाविषयी भलताच ग्रह करून घेतील, या भीतीने मी ती लीळा सोडली आणि पुढची वाचावयास घेतली. निरूपण संपले. मंडळी उठू लागली, तेव्हा एक वृद्ध वासनिक बाई जवळ आली, दंडवत घातले आणि हलक्या आवाजात म्हणाली, “बाबा, मधली लीळा काहून सोडली जी?”

वेळ कमी होता, असे काहीतरी उत्तर मी दिले. ते खरे नव्हते, आणि तिलाही ते कळले असावे. त्या बाईला अक्षरओळख नव्हती. परंतु ती लीळा तिने आयुष्यभर ऐकली होती. माझ्या त्या दिवसाच्या भिडेने तिच्या वाट्याचे काहीतरी हिरावून घेतले, ही बोच अद्याप गेलेली नाही. पुढे विद्यार्थ्यांना शिकविताना हाच प्रश्न निराळ्या रूपाने पुनःपुन्हा समोर आला. ते विचारतात, “बाबा, या लीळा परक्या माणसापुढे वाचाव्यात काय? आणि वाचल्याच तर त्यांचा अर्थ काय सांगावा?” प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा यथामती विचार करावयाचा आहे. विचित्र म्हणजे काय, त्याची ओढ मनुष्याला का वाटते, आणि निरूपण करणाराने त्यापुढे कसे उभे राहावे, असे त्याचे तीन भाग पडतात.

शब्दांचा विचार

प्रथम शब्दच पाहू. आपल्या भाषेत या अर्थाचे शब्द पुष्कळ आहेत, आणि त्यांचा इतिहास मनोरंजक आहे. ‘विचित्र’ हा शब्द संस्कृतात नाना रंगांचे, नाना प्रकारचे, म्हणून मनोहर अशा वस्तूला लावीत. मराठीत येता येता त्याची पत उतरली, आणि आज कोणाला विचित्र म्हटले तर तो रागावतो. ‘विलक्षण’ म्हणजे ज्याचे लक्षण इतरांहून निराळे ते. मूळ अर्थाने हे दोन शब्द शेजारी शेजारी बसावेत असे आहेत. परंतु मराठीने एकाला खाली बसविले आणि दुसऱ्याला वर चढविले. विलक्षण बुद्धी म्हटले की ती स्तुती होते, विचित्र बुद्धी म्हटले की निंदा. ‘चमत्कार’ या शब्दाने संस्कृत साहित्यशास्त्रकारांनी काव्यास्वादातील अलौकिक आनंद सांगितला. त्याच शब्दापासून झालेले आपले ‘चमत्कारिक’ हे विशेषण मात्र ज्याच्याशी कसे वागावे ते कळत नाही अशा माणसाला आपण लावतो. ‘तऱ्हेवाईक’ यातील ‘तऱ्हा’ अरबी-फारसीतून आली. तिचा अर्थ नुसता रीत, प्रकार एवढाच. पण ज्याची रीत आपल्या रीतीहून निराळी तो तऱ्हेवाईक ठरला.

यावरून एक गोष्ट दिसते. वस्तूचे निराळेपण हे एक. त्या निराळेपणाला लोक जे स्थान देतात ते दुसरे. शब्द वर जातो की खाली येतो, हे बोलणाऱ्या समाजावर अवलंबून असते.

‘वेड’ या शब्दात तर ही दोन्ही टोके एकत्र नांदतात. वेड लागले म्हणजे बुद्धी भ्रष्ट झाली. आणि एखाद्या गोष्टीचे वेड लागले म्हणजे तिच्यावाचून चैन पडेनासे झाले. जुन्या मराठीतील ‘पिसे’ या शब्दाचेही असेच आहे. सामान्य बोलण्यातच मराठी माणूस हे कबूल करून बसला आहे की, जे बुद्धीच्या कुंपणाबाहेर आहे त्याची त्याला भीतीही वाटते आणि ओढही वाटते.

आपल्या पंथाच्या परिभाषेत या ओढीला स्वतंत्र शब्द आहे, तो म्हणजे ‘वेध’. वेड आणि वेध हे शब्द कानाला जवळचे वाटले तरी वेगळे आहेत. ‘वेध’ हा शब्द विंधणे या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. परमेश्वराच्या सन्निधानी जीवाचे चित्त असे विंधले जाते की त्याला घरदार, मान, विद्या यांची आठवण राहत नाही. वेधापाठोपाठ बोध यावा असा क्रम आहे. श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्राचे कोडे हे की, तेथे पाहणाराला पुढे दिसते ते वेड, आणि राहणाराला लागतो तो वेध.

श्रीप्रभूंचे वागणे

श्रीगोविंदप्रभू म्हणजेच गुंडम राऊळ. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे त्यांचे लीळास्थान. आईबापांचे छत्र लहानपणीच गेले, आणि आप्तांनी त्यांना रिद्धपुरी आणून वाढविले. इ. स. १२८७-८८च्या सुमारास त्यांनी देह ठेवला. एवढ्या दीर्घ काळात ते रिद्धपूर आणि आसपासचा परिसर सोडून फारसे कोठे गेले नाहीत. ‘राऊळ’ हे नावही ऐकणाराला थांबविणारे आहे. ‘राजकुल’ या शब्दापासून झालेले राऊळ म्हणजे राजवाडा, पुढे देऊळ. आणि येथे तो शब्द रस्त्याने हिंडणाऱ्या एका पुरुषाचे नाव झाला.

हा पुरुष वागे कसा? तो मुलांमध्ये मूल होऊन खेळे. देवळांतील मूर्तींशी बोले. बाजारात हिंडता हिंडता एखादा खाद्यपदार्थ उचलून तोंडात टाकी. एखादी गोष्ट करावी की न करावी, याविषयी स्वतःशीच मोठ्याने बोले. करीन म्हणे, नाही म्हणे, पुन्हा करीन म्हणे. त्याच्या तोंडी वारंवार येणारा उद्गार तर ऐकणाराला शिवी किंवा शाप वाटावा असा होता. आणि लोकांना तो आशीर्वादासारखा वाटू लागला होता. शिवाशिवीचा कठोर काळ असता तो मातंगांच्या वस्तीत जाई, त्यांच्या घरी जाई, आणि पुन्हा ब्राह्मणांच्याही घरी जाई. अडलेल्या बाळंतिणीजवळ तो सुईणीसारखा धावून गेल्याची आठवण आहे. पाण्यावाचून तळमळणाऱ्या मातंगांनी विनविले तेव्हा त्याने खणण्याची जागा दाखविली आणि तेथे पाणी लागले, अशीही लीळा आहे. राऊळ हाच बाप आणि राऊळ हीच माय, असे रिद्धपूरचे लोक म्हणत. पुरुषाला माय म्हणणे हेही एक वेडेपणच. परंतु ते म्हणावेसे वाटले, यातच सारे आले.

गुजरातेतील वैभव मागे टाकून आलेले श्रीचक्रधर स्वामी रिद्धपुरी पोहोचले, तेव्हा त्यांना लाभलेला प्रसाद कोणता होता? तो शेंगुळ्याचा होता. सभा नाही, सिंहासन नाही, मंत्राचा घोष नाही. बाजारातील एक साधा खाण्याचा पदार्थ. ज्ञानशक्तीचा स्वीकार आपण जेथून मानतो, तो प्रसंगच असा सभ्य रीतीच्या बाहेरचा आहे. म्हणून ‘वेड्या’ लीळा हा चरित्राचा लाजिरवाणा कोपरा आहे, असे समजणारा आपल्या परंपरेचा उंबरठाच चुकतो.

पुढे सुमारे १२७४ साली श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यावर भटोबासादी भक्तजन त्यांच्या आज्ञेने श्रीप्रभूंच्या सेवेस रिद्धपुरी राहिले. यांत विद्वान होते, विरक्त होते, महदाइसेसारखी कवयित्री व जिज्ञासू स्त्री होती. ज्यांनी स्वामींचे सूक्ष्म तत्त्वनिरूपण ऐकले होते, त्यांना आता अशा पुरुषाची सेवा करावयाची होती की जो सूत्र सांगत नाही, शंकेचे उत्तर देत नाही, आणि ज्याचे पुढचे पाऊल कोठे पडेल ते सांगता येत नाही. ते तेथे वर्षानुवर्षे राहिले. ही सेवा त्यांच्या बुद्धीची केवढी परीक्षा असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो.

हास्य आणि विस्मय

आता ओढ का वाटते, हा प्रश्न. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्यरसाची कारणे सांगताना विकृत वेष, विकृत अलंकार, विसंगत बोलणे यांची गणना केली आहे. जे नेहमीच्या घडणीतून बाहेर पडले ते पाहून हसू येते. अद्भुतरसाचा स्थायीभाव विस्मय. तोही नेहमीचे मोडल्यानेच जागा होतो. म्हणजे एकच विसंगत वस्तू एकाच्या ठिकाणी हास्य आणि दुसऱ्याच्या ठिकाणी विस्मय उत्पन्न करू शकते. मग भेद कशाने पडतो?

माझ्या समजुतीप्रमाणे भेद पडतो तो अंतराने आणि अवधीने. जो दुरून पाहतो आणि लगेच निघून जातो, त्याला हसू येते. हसणे हा सुटकेचा मार्ग आहे. हसला की तो आपल्या नेहमीच्या जगात सुखरूप परत जातो. जो जवळ राहतो, त्याला ते विसंगत वर्तन पुनःपुन्हा भेटते. तो त्याला आपल्या मापात बसवू पाहतो, ते बसत नाही, आणि एके दिवशी त्याला आपल्या मापाचीच शंका येऊ लागते. राऊळ मातंगाच्या घरी जातात हे विचित्र, की मातंगाच्या घरी कोणीच जात नाही हे विचित्र? या प्रश्नापाशी जो आला, त्याचे हसू थांबते. विचित्राची खरी ओढ येथे आहे. ते आपल्या सवयीची झापड क्षणभर दूर करते, आणि नित्याचे म्हणून जे आपण कधी पाहिलेच नव्हते ते दाखवून जाते.

भाषेचे निराळेपण

वर्तनाची जी कथा तीच आपल्या ग्रंथांच्या भाषेची. तेराव्या शतकात ब्रह्मविद्येसारखा विषय मराठीत सांगणे हेच मुळी विद्वानांना विपरीत वाटणारे होते. शास्त्र म्हणजे संस्कृत, ही त्या काळची रीत. केशिराजबासांसारख्या व्युत्पन्न शिष्याच्या मनातही संस्कृत रचना करण्याचे आले, तेव्हा भटोबासांनी त्यांना थांबविले. कारण त्यामुळे पंथातील म्हाताऱ्या त्या ज्ञानाला मुकल्या असत्या. स्मृतिस्थळातील हा प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. मला मात्र तो आठवला की माझ्यापुढे दंडवत घालून उभी राहिलेली ती वृद्धा दिसते. भटोबासांनी जे म्हाताऱ्यांसाठी राखले, ते मी चार पाहुण्यांच्या भिडेने तिच्यापासून काढून घेतले होते.

म्हाइंभट हे मूळचे सराळ्याचे मोठे विद्वान आणि विद्येचा अभिमान बाळगणारे. त्यांनी लीळा मिळविण्यासाठी ज्याच्या त्याच्या दारी जाऊन आठवणी गोळा केल्या, भटोबासांकडून पारखून घेतल्या, आणि जेथे दोघांच्या आठवणीत फरक पडला तेथे तो वासनाभेद म्हणून नोंदविला. श्रीप्रभूंच्या निर्याणानंतर त्यांनी रिद्धपूरच्या आठवणींचेही असेच संकलन केले. या पंडिताच्या हाती सारी लेखणी होती. विचित्र वाटणारे प्रसंग गाळणे किंवा घासूनपुसून गोंडस करणे त्याला सहज शक्य होते. त्याने तसे केले नाही. श्रीप्रभूंचे तुटक बोलणे तुटकच ठेवले. निरूपणकाराला यापेक्षा मोठा धडा कोणता?

चौदाव्या शतकात रवळोबासांनी सकळ लिपी निर्माण केली. अक्षरांच्या जागी ठरावीक दुसरी अक्षरे योजण्याची ही रीत. सुंदरी आदी आणखीही लिप्या पुढे झाल्या. ग्रंथ अपात्राच्या हाती पडू नयेत, त्यांत भेसळ होऊ नये, हा हेतू. तो काही अंशी साधलाही. परंतु त्याची किंमतही पंथाने दिली. ज्यांची पोथी वाचता येत नाही, ज्यांचे वस्त्र काळे, ज्यांचे आचार निराळे, त्यांच्याविषयी लोकांत तर्ककुतर्क वाढले. ‘महानुभाव’ या शब्दाचे बोलण्यात ‘मानभाव’ झाले, आणि त्यावरून ‘मानभावी’ हे वरून गोड व आतून कपटी अशा अर्थाचे विशेषण मराठीत रूढ झाले. ते शब्दकोशातही बसले आणि आजही सहज वापरले जाते. वर ‘विचित्र’ शब्दाची पत उतरल्याचे सांगितले. येथे एका पंथाच्या नावाचीच पत भाषेने उतरविली. परक्याला विचित्र ठरविणे किती सोपे आणि त्याचा डाग पुसणे किती कठीण, याचा हा मराठीतील ठळक दाखला होय.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सांकेतिक लिपीची उकल केली, आणि पुढे पंथाच्या पोथ्या बाहेरच्या अभ्यासकांपुढे येऊ लागल्या. आपल्या यवतमाळचे डॉ. य. खु. देशपांडे यांनी १९२५ साली ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ह. ना. नेने यांचे लीळाचरित्र १९३६-३७च्या सुमारास छापले गेले; डॉ. वि. भि. कोलते यांनी श्रीगोविंदप्रभुचरित्र १९४४ साली संपादिले. आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९८४ साली प्रसिद्ध झाला. पाचशेहून अधिक वर्षे ज्या वाङ्मयाची थट्टा किंवा शंका झाली, तेच मराठी गद्याचे आद्य वैभव म्हणून मानले गेले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि मराठी भाषेचे विद्यापीठ स्थापन झाले ते रिद्धपुरासच. राउळांच्या गावाला हा मान मिळाला, तो त्या गावाने आपले निराळेपण टाकून दिले म्हणून मिळालेला नाही.

आपल्या भागातील मुलामुलींनाही हे सांगितले पाहिजे. पुण्या-मुंबईस शिकावयास गेलेला वऱ्हाडातील मुलगा ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ म्हणतो तेव्हा त्याला हसतात, आणि तो हळूहळू बोलणे सोडतो. ‘हो जी’ यातील ‘जी’ तर त्याला पहिल्यांदा टाकावासा वाटतो. त्याने लीळाचरित्र उघडून पाहावे. भक्तजन स्वामींशी बोलताना पदोपदी हाच ‘जी’ म्हणतात. शहरी कानाला जे गावंढळ वाटते, ते सातशे वर्षांपूर्वी भक्ताच्या तोंडी आदराचे बोलणे होते, आणि आमच्या आईबहिणींनी ते आजवर जपले आहे.

एक सावधगिरी

येथे एका गैरसमजापासून जपले पाहिजे. विचित्र ते सर्व वंद्य, असे मुळीच नाही. जगात वेडेपणाचे आचरण हेतुपूर्वक करणारे साधक झाले आहेत. पाशुपत मतात साधकाने उन्मत्तासारखे वागून लोकांचा अपमान ओढवून घ्यावा, म्हणजे अपमान करणाराचे पुण्य त्याला मिळते, असा विधी सांगितला आहे. रशियात ख्रिस्ती परंपरेत ‘ईश्वरासाठी वेडे’ झालेल्या साधूंचा मान होता. सोळाव्या शतकातील वासिली हा त्यांपैकी एक, आणि मॉस्कोचे सुप्रसिद्ध प्रार्थनामंदिर आज त्याच्याच नावाने ओळखले जाते. या साधकांचे वेड हे साधन होते, व्रत होते. श्रीप्रभूंचे तसे नाही. त्यांना मिळवावयाचे काही उरलेले नव्हते. म्हणून त्यांच्या वर्तनाला आपण साधना न म्हणता लीळा म्हणतो.

यातूनच नियम निघतो की, लीळेचे स्मरण करावे, अनुकरण करू नये. जीवाला आचार सांगितला आहे, आणि त्याने तोच पाळावा. आजही कोठे कोणी माणूस विचित्र वागू लागतो, असंबद्ध बोलतो, आणि त्याच्याभोवती गर्दी जमते, नवस सुरू होतात, पेटी ठेवली जाते. विचित्रपणा हा ईश्वरत्वाचा पुरावा होऊ शकत नाही. रिद्धपुरी लोकांना राउळांजवळ काय मिळाले ते पाहावे. बाळंतिणीची भीती गेली, तहानलेल्याला पाणी मिळाले, ज्याला कोणी शिवत नव्हते त्याच्या दारी कोणी आले. आणि जो खरोखर मनोरुग्ण आहे, त्याला देव करू नये आणि त्याची थट्टाही करू नये. त्याला वैद्य आणि माया या दोन्हींची गरज असते.

निरूपणकाराचे कर्तव्य

तर मग या लीळा कशा सांगाव्यात? तीन दोष टाळावेत असे मला वाटते. पहिला दोष गाळण्याचा. तो माझ्या हातून घडला आणि त्याची कबुली मी आरंभीच दिली. दुसरा दोष अतिस्पष्टीकरणाचा. राउळांनी अमुक पदार्थ उचलला म्हणजे अमुक तत्त्व सुचविले, इकडे वळले म्हणजे अमुक विकार जिंकला, असे प्रत्येक हालचालीचे रूपक करून टाकले की लीळा सुबोध होते खरी, पण ती लीळा राहत नाही. म्हाइंभटांनी जे तुटक ठेवले ते आपण सांधून का टाकावे? तिसरा दोष मिरविण्याचा. श्रोते जमावेत म्हणून विचित्र तेवढेच निवडून रंगवून सांगितले, तर श्रोता हसून किंवा थक्क होऊन घरी जातो आणि जवळ कोणीच राहत नाही.

लीळा जशी आहे तशी, क्रमाने, स्वच्छ आवाजात वाचावी. कठीण शब्दाचा अर्थ सांगावा. त्या काळची रीत काय होती, म्हणजे काय मोडले गेले, तेवढे सांगावे. मग क्षणभर थांबावे. परका श्रोता हसला तर हसू द्यावे. भटोबासांच्या काळीही लोक हसलेच असतील. हसणाऱ्यांतला एखादा दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, आणि निरूपणाचे फळ त्या एकासाठी असते.

पुढच्या वर्षी मी त्याच गावी गेलो. सोडलेली लीळा प्रथम वाचली. ती बाई नेहमीच्या जागी बसली होती. वाचन चालू असता मागे बसलेली दोन पोरे खुदकन हसली. तिने वळून पाहिले, आणि तीही त्यांच्याबरोबर हसली. पण तिच्या डोळ्यांना पदर होता. हास्य आणि विस्मय एका ठिकाणी कसे राहतात, याचे याहून चांगले निरूपण मला अद्याप साधलेले नाही.

दंडवत प्रणाम.